चार हाताला दोन बोटं कमी

माझ्या बानं उभ्या आयुष्यात एकदाही म्हशीचं खरं वजन सांगितलं नाही. बा खोटारडा होता असं नव्हे. मासोळी तोलताना पारडं गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकलेलं असायचं, आणि शब्द दिला की पाळायचा. पण दुभत्या जनावराचं खरं वजन चारचौघांत बोलायचं नाही, अशी आमच्या गावात रीतच होती. कोणी विचारलं की आकडा सांगायचा, पण खोटा, आणि तोही फुगवून. समजूत अशी की नजर लागते ती सांगितलेल्या आकड्याला. आकडा खोटा असला की नजर त्या खोट्या म्हशीच्या मागे फिरत बसते, आणि खरी म्हैस कोठ्यात निवांत रवंथ करत राहते. खरं वजन बोलायचं ते फक्त कसायासमोर, म्हातारी भाकड म्हैस काढायची वेळ आली तर. म्हणून खरा आकडा कोणाच्या तोंडून निघालाच तर बाया लगेच कोठ्याकडे धावायच्या. आता साठी ओलांडल्यावर या गोष्टी हसून सांगाव्यात, असं माझी भाचेमंडळी मला सुचवतात. मला हसू येत नाही. ज्याला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

आमचं घर तलावाच्या पाळीला लागून होतं. पुढच्या अंगणात जाळी वाळत टाकलेली, मागच्या अंगाला कोठा, आणि कोठ्याच्या पलीकडे दीड एकर धानाची बांधी. तलावावर मासोळी, बांधीत धान आणि कोठ्यात म्हशी, या तिघांवर आमचं पोट होतं; त्यातही रोजचा मीठमसाला निघायचा तो म्हशींवर. दोन दुभत्या, चांदी आणि भुरी, आणि चांदीची एक पारडी, आमच्याकडे वगार म्हणतात ती. चांदीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. आमच्याकडच्या म्हशी काही पंजाबातल्यासारख्या हत्ती नसतात. लांब मागे गेलेली शिंगं, बारीक अंग, आणि दिवसभर चिखलात बसून रानातलं काहीबाही खाऊन सकाळ-संध्याकाळ चार-पाच लिटर दूध देणार. पहाटे मला जाग यायची ती धारेच्या आवाजानं. पहिली धार रिकाम्या बादलीत पडली की टणटण वाजायची, मग बादली भरत गेली की आवाज जाड होत जायचा, आणि मला अंथरुणातूनच कळायचं, आज चांदीनं किती दिलं. शिळा भात ताकात कालवून, वर जवसाची चटणी आणि जमलं तर चुलीत भाजलेले झिंगे, एवढं खाऊन मी एस.टी.नं ब्रह्मपुरीला कॉलेजात जायची. बारावीला होते. आमच्या पाळीवरच्या घरांमधून बारावीपर्यंत गेलेली मी पहिली पोरगी, आणि हे बा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. तेव्हा मला ते आवडायचं. मुलगी शिकते आणि म्हैस साडेपाच क्विंटलची आहे, या दोन्ही गोष्टी तो एकाच सुरात सांगतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

खरं वजन कोणालाच माहीत नसायचं, असं मात्र नाही. ते बायांना माहीत असायचं. माझी माय वैनगंगेच्या काठावरच्या गावची, लहानपणापासून जाळ्यावर वाढलेली. जाळं ओढताना हाताला लागलेल्या ओढीवरून आत किती किलो आहे हे ती सांगायची, आणि पारड्यात टाकल्यावर पावभराचा फरक निघाला तर तिला राग यायचा, पारड्याचा. म्हशीच्या बाबतीत तिच्याकडे अंबाडीची एक दोरी होती. दुपारी तलावात म्हशी धुवायला नेल्या की अंग घासता घासता ती दोरी पुढच्या पायांच्या मागून, खांद्यामागून छातीभोवती घालायची, चिमटीत धरायची, आणि मग स्वतःच्या हातानं मोजायची, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई म्हैस धुऊन राह्यली. चांदी चार हाताला दोन बोटं कमी होती. ते ती मनातच ठेवायची. या मापाची गरज तिला औषधासाठी पडायची. जनावराच्या पोटात जंत झाले की पळसाच्या बिया कुटून गुळात द्यायच्या, आणि किती द्यायच्या ते छातीच्या मापावर. एका हाताला एक मूठ, आणि बोटं कमी-जास्त असतील त्याप्रमाणे चिमूट. जास्त झालं तर जनावर हगून हगून झोपते, असं ती म्हणायची. तीस वर्षांत तिच्या औषधानं एक जनावर दगावलं नाही. पण ती किलोत कधी बोलली नाही. हात आणि बोटं ही वजनात धरत नसत, त्यामुळे रीतही मोडायची नाही आणि कामही व्हायचं. आमच्या गावातल्या सगळ्या शहाण्या बाया असंच जगायच्या, आणि आज मला त्या शहाणपणाची चीड येते.

कॉलेजात आम्हाला जीवशास्त्र शिकवायला एक मॅडम होत्या. त्यांनी एकदा फळ्यावर गंमत म्हणून एक हिशेब मांडला. काटा नसेल तर जनावराचं वजन कसं काढायचं: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी, आणि भागिले दहा हजार आठशे चाळीस. आलेला आकडा किलो. सगळ्या वर्गानं वहीत उतरवून घेतलं आणि सगळे विसरून गेले. मी विसरले नाही. त्या रविवारी मायसोबत तलावात उतरले, तिच्या हातातली दोरी घेतली, चांदीच्या छातीला गुंडाळली, गाठ मारली, मग लांबी घेतली, दुसरी गाठ मारली. शिवणकामाचा टेप म्हशीला पुरत नाही, म्हणून घरी येऊन दोरी जमिनीवर पसरली आणि टेप दोनदा लावला. घेर एकशे पंचाहत्तर, लांबी एकशे तीस. वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. तीनशे सदुसष्ट. मग भुरीचंही काढलं, तीनशे अठ्ठावीस. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. मायची दोरी आणि मॅडमचा फळा एकाच जागी येऊन भेटले होते, आणि ते फक्त मला दिसलं होतं.

मी धावत मायकडे गेले. ती चुलीपुढे लाखोळीची डाळ हाटत होती. "माय, चांदी तीनशे सदुसष्ट किलोची हाये," मी म्हणाले. तिनं हातातली पळी टाकली आणि तोच वरणाचा हात माझ्या तोंडावर दाबला.

"चूप. बोलू नको."

"पन बरोबर हाये का सांग नं."

तिनं आधी दाराकडे पाहिलं. बा अंगणात जाळं विणत होता. मग अगदी हळू म्हणाली, "मले पावनेचारशे वाटत होतं. जवळच हाये तुहं. आता मनात ठेव, बाहेर काढू नको."

म्हणजे तिला किलोतही माहीत होतं. तीस वर्षं हात आणि बोटं म्हणत होती ती आणि आतल्या आत किलो मोजत होती. त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं त्यानंतर तो अभिमान मला पुन्हा कधी सापडला नाही.

दिवाळी झाली, धान कापून झालं, आणि चांदीच्या जबड्याखाली सूज आली. पिशवी लोंबावी तशी. तलावकाठच्या गवतातून, गोगलगाईतून पोटात जाणारा किडा काळजाला, म्हणजे लिव्हरला धरतो, तेव्हा अशी सूज येते. त्या वर्षी पाळीवरच्या निम्म्या म्हशींना ती होती. मायनं पळसाच्या बिया दिल्या, उपयोग झाला नाही. दूध दीड लिटरवर आलं. चांदी चारा हुंगून मान फिरवायची, आणि बा कोठ्यात तिच्यासमोर उकिडवा बसून तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, एक एक काडी तिच्या तोंडाशी धरायचा. तो तिच्यावर जीव लावायचा, हे मी नाकारत नाही. त्यानं स्वतः सायकल काढली आणि दवाखान्याच्या गावी जाऊन जनावरांच्या डॉक्टरला सांगून आला.

डॉक्टर नवीन होता. कुठल्या तरी घाटावरच्या गावचा, विशीतला, स्वच्छ शर्टातला. सकाळी फटफटी आली तशी पाळीवरची माणसं जमा झाली, कारण डॉक्टर घरी येणं हीच एक मोठी गोष्ट होती. त्यांत गणपत भाऊ होते, आमचे शेजारी. त्यांनी त्याच उन्हाळ्यात बाहेरून मुऱ्हा म्हैस आणली होती, खरोखरची धिप्पाड, आणि तिचं ते सहा क्विंटल सांगायचे. तेव्हापासून बाचा चांदीचा आकडा पाचवरून साडेपाचवर चढला होता. मी पाण्याचा गडवा आणि साबण घेऊन डॉक्टरजवळ उभी होते. माय कोठ्याच्या खांबाला टेकून, पदर दातात धरून.

डॉक्टरनं डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, सूज दाबली आणि बाटली काढली. "हे औषध वजनावर असतं बरं का," तो म्हणाला. "कमी पडलं तर किडा मरत नाही, आणि जास्त झालं तर हिच्या लिव्हरला झेपणार नाही. आधीच खराब झालंय ते. वजन किती असेल हिचं?"

"साडेपाच क्विंटल," बा म्हणाला.

एकदम ठणठणीत आवाजात म्हणाला. गणपत भाऊंकडे पाहून म्हणाला. डॉक्टरनं चांदीला वरून खाली पाहिलं आणि थोडा घुटमळला.

"एवढी वाटत नाही काका."

"आजारानं उतरली जराशी. नाई तर साडेपाचच हाये. विचारा कोनाले बी."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार. प्रत्येकाच्या कोठ्यात एक खोटी म्हैस होती. गणपत भाऊ सुद्धा म्हणाले, "हो, असंनच." डॉक्टर बाहेरचा. दुभत्या जनावराच्या वजनाबद्दल अख्खं गाव एका आवाजात खोटं बोलतं, हे त्याला कोणत्या पुस्तकात शिकवणार होते? त्यानं स्वतः मोजायला हवं होतं, त्यासाठी मी त्यालाही सोडत नाही. पिशवीत टेप ठेवता येत नव्हता? पण तो म्हणाला, "बरं, पाचशे धरू," आणि बाटलीवरच्या खुणांवर अंगठा ठेवून औषध मोजायला लागला.

मी मायकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, मला कळलं होतं. तीनशे सदुसष्ट किलोच्या आजारी म्हशीला पाचशे किलोचं औषध. मायनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तिनं मान हलवली, पण माझ्याकडे पाहून हलवली. बोलू नको. बानं चांदीचं तोंड वर धरलं, डॉक्टरनं नळी घातली, चांदीनं दोन वेळा ठसका दिला आणि सगळं गिळलं. मी डॉक्टरच्या हातावर पाणी घातलं. साबणाचा फेस मातीत जाईपर्यंत मी गडवा वाकडा धरून उभी होते.

चांदी तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. आदल्या दिवसापासून उठलीच नव्हती, डोळे पिवळे झाले होते, मान मागे टाकून दात खायची. मायनं ताक पाजलं, काढा पाजला, अंगावर गोणपाट टाकलं. बा तिच्या पोटाला हात लावून बसला होता. उन्हं कोठ्यात आली तेव्हा तिनं पाय ताणले आणि संपलं. वगार दाव्याला हिसके देत ओरडत होती. शेजारपाजारची माणसं पुन्हा तीच, त्याच जागी उभी. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं डॉक्टरनं मारली. बा चांदीच्या पोटावरचा हात काढत नव्हता. आणि मला ते सहन झालं नाही. तो रडत होता, आणि मला वाटलं, त्याला कळू तरी दे.

"बा, ते साडेपाचची नव्हती," मी म्हणाले. "तीनशे सदुसष्ट होती. म्या मोजलं होतं. औषध जास्त झालं तिले."

बानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर मी काय शोधत होते कोण जाणे. बहुतेक पश्चात्ताप. त्यानं विचारलं, "तू मोजलं होतं?"

"हो. दोरीनं. वहीत लिवलं हाये."

"लिवलं हाये," तो म्हणाला. आणि मागे वळून जमलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि मी पाहिलं की त्याला वाट सापडली. "हिनं वजन काढलं. खरं वजन काढून वहीत लिवून ठेवलं, कसायासारखं. अन् मी म्हनतो म्हैस काऊन मेली."

पाळीवर संध्याकाळपर्यंत हीच गोष्ट. पोरीनं चांदीचं खरं वजन काढलं म्हणून चांदी गेली. विहिरीवर बाया माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. एका म्हातारीनं तर आपल्या सुनेला सांगितलं, ती येईल तर कोठ्याचं दार ओढून घे. ज्या एका माणसानं खरं मोजलं होतं तिच्यावर खुनाचा आळ आला, आणि ज्यानं खोटं सांगितलं त्याच्या घरी लोक सांत्वनाला येऊन चहा पिऊन गेले. बानं माझी वही मागितली, ते मागचं पान फाडलं, चुलीत टाकलं, आणि मग वहीच टाकली. मॅडमच्या अक्षरातली शाबासकी होती त्यात. "उद्यापासून ब्रह्मपुरी बंद," तो म्हणाला. "हेच शिकवतात नं तिथी."

माय चुलीपुढेच होती. तिनं जळती पानं काडीनं आत सारली, म्हणजे धूर होऊ नये. तेवढं केलं तिनं. "माय, सांग नं बाले," मी म्हणाले. "तुले तं माहीत होतं नं." तिनं माझं ताट वाढलं आणि म्हणाली, "जेव. भात निवून राह्यला."

मी आजवर बाला बरंच माफ केलं आहे. तो अडाणी होता, गर्विष्ठ होता, घाबरलेला होता. पण मायच्या त्या वाक्याला मी माफ करू शकलेले नाही. कधी कधी मी चंद्रपूरच्या माझ्या घरात एकटी जेवायला बसते आणि माझा हात थांबतो. परवा भाच्यानं मोबाईलवर दाखवलं, म्हशीचा बाजूनं फोटो काढला की वजन येतं म्हणे. तो मोठ्या कौतुकानं दाखवत होता. मी त्याला म्हणाले, आकडा कळणं कधीच कठीण नव्हतं रे.

बारा दिवस मी कॉलेजात गेले नाही. शेणगोठा केला, तणस कापलं, भुरीचं दूध काढलं. तेराव्या दिवशी, म्हणजे मी दिवस मोजत होते म्हणून माहीत आहे, भुरीच्या जबड्याखाली बोटभर सूज हाताला लागली. मी कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, मायनं धार काढताना पाहिलंच. आता घरात एकच दुभती म्हैस उरली होती, आणि तीही पाच महिन्यांची गाभण. बा दोन दिवस नुसता येरझारा घालत होता. डॉक्टरला बोलवायची त्याची हिंमत होत नव्हती आणि न बोलवायचीही नव्हती. शेवटी डॉक्टर आपणहूनच आला, पाळीवरच्या बाकी म्हशींसाठी. आमच्या अंगणात फटफटी लावून त्यानं विचारलं, चांदी कशी आहे.

"गेली," बा म्हणाला.

डॉक्टरचा चेहरा उतरला. गणपत भाऊ आणि आणखी तीन-चार जण मागे येऊन उभे राहिले होते. "वजन बरोबर सांगितलं होतं ना काका तुम्ही?" डॉक्टरनं विचारलं. बा गणपत भाऊंकडे पाहायला लागला. डॉक्टरनं कोठ्यात जाऊन भुरीला तपासलं आणि बाटली हातात घेतली. बाटली उघडली नाही. "हिचं किती?"

आणि माझ्या बानं, ज्याच्या कोठ्यात बारा-पंधरा दिवसांपूर्वी एक म्हैस मेली होती, खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पाच असंन."

मला वाटतं मी ओरडले नाही. लोक नंतर सांगायचे की ओरडली. मी कोठ्याच्या आत गेले, भुरीच्या गळ्यापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "तीनशे अठ्ठावीस. खरं वजन सांगून राह्यली. आता लागू द्या काय नजर लागते ते."

बा माझ्या अंगावर आला. त्याचा हात उठला होता. डॉक्टर मध्ये झाला आणि म्हणाला, थांबा काका, दोरी आणा कोणीतरी, आत्ता मोजू. कोणी हललं नाही. दोरी मायच्या कमरेला खोचलेली होती, मला दिसत होती. मी तिच्याकडे हात पुढे केला. तिनं दोरी दिली, पण माझ्याकडे न बघता दिली. मी डॉक्टरला गाठी मारून दिल्या. त्यानं स्वतःच्या पट्टीनं दोरी मोजली, कागदावर मांडलं आणि म्हणाला, "तीनशे सव्वीस-अठ्ठावीस." मग बाकडे वळून म्हणाला, "काका, तुमच्या आकड्यानं दिलं तर हीसुद्धा जाईल. मी देणार नाही."

अंगणात इतकी माणसं, आणि बा एकटा पडलेला मी तेव्हा पाहिला. गणपत भाऊ दुसरीकडे बघत होते. बाचं तोंड काळवंडलं. "ठीक हाये," तो म्हणाला. "हिच्याच आकड्यानं द्या. सगळे आयका. म्हैस वाचली तर जाऊ दे हिले ब्रह्मपुरीले, मी आडवा येनार नाई. अन् मेली तर हे पोरगी पुन्हा पुस्तकाले हात लावनार नाई, अन् या कोठ्यात पाय ठेवनार नाई."

मी हो म्हणाले. डॉक्टरनं औषध मोजलं. त्यानं बाटली दोनदा उन्हात धरून पाहिली. त्यानंतरचे दिवस मी भुरीजवळ काढले. दर तासाला डोळे पाहायची, शेण पाहायची, पाणी किती पिते ते पाहायची. दुसऱ्या दिवशी तिनं चाऱ्याला तोंड लावलं नाही तेव्हा पाळीवर बातमी गेली की भुरी चालली, आणि दोन बाया मुद्दाम बघायला आल्या. मी त्यांना कोठ्याच्या दारातूनच परत पाठवलं, आणि काय शब्द वापरले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. चौथ्या दिवशी भुरीनं ढेपीच्या, म्हणजे पेंडीच्या, घमेल्यात तोंड घातलं. आठ दिवसांत सूज गेली. पंधराव्या दिवशी तिनं तीन लिटर दूध दिलं, आणि गाभ शाबूत होता.

बानं शब्द पाळला. चार लोकांत बोललेला शब्द तो पाळणारच, त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. भुरी कशामुळे वाचली असं कोणी विचारलं तर सांगायचा, महादेवाले नवस केला होता. मरेपर्यंत हेच सांगत राहिला. चांदीचं नाव निघालं तर माझ्याकडे बोट दाखवायचा, मी नोकरीला लागले तरी, माझे केस पिकले तरी. भुरी पुढे सहा वेतं व्याली, आणि सहाही वेळा तो तिला पाचचीच म्हणाला.

ब्रह्मपुरीला पुन्हा निघाले त्या सकाळी माय मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवायला आली. असं ती कधी येत नसे. हातात भाकरीचं फडकं होतं. थांब्यावर आम्ही दोघीच होतो. मी ठरवून आले होते की आज बोलायचंच, नाही तर हे आयुष्यभर छातीत राहील.

"तुले माहीत होतं," मी म्हणाले. "डॉक्टर बाटली मोजत होता तवा तुले माहीत होतं. तू एक शब्द बोलली असती तं चांदी मेली नसती. अन् मंग बानं मह्यावर घातलं, तवा बी तू चूप. काऊन व माय? कशाची माय तू?"

तिनं ऐकून घेतलं. गाडी वळणावर दिसायला लागली होती. तिनं फडकं माझ्या पिशवीत कोंबलं, पिशवीचा बंद बांधला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "मी तं अंगठा लावनारी बाई. तुह्या बापाच्या घरात तीस साल भेत भेत काढले म्या. पन तू तं शिकून राह्यली होती नं? गडवा घेऊन तू डॉक्टरच्या हाताशी उभी होती. तुले बी माहीत होतं."

गाडी आली. कंडक्टर ओरडत होता, चढा, चढा. मी चढले, खिडकीपाशी बसले आणि तिच्याकडे पाहिलं नाही. ब्रह्मपुरीपर्यंत मी तिला मनातल्या मनात शिव्या देत होते.